हातचा

२०१९ सालच्या डिसेंबरात माझ्या धाकट्या मुलीचा निकाह ठरला. मेहकरच्या आमच्या घरी दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं बसली होती. तारीख ठरली, माणसं किती येणार ते ठरलं, जेवणाचं ठरलं, आणि नेहमी शेवटीच निघतो तसा शेवटी मेहेरचा विषय निघाला. थोरले चाचा म्हणाले, ''उसमें क्या सोचना? सातसौ छियासी लिखो. बरकत का आकडा है. इसकी दादी का भी वहीच था.'' मुलाकडच्यांनी माना हलवल्या. हलवणारच. एवढ्या स्वस्तात बरकत दुसरीकडे कुठे मिळते?

आतल्या खोलीतून मुलगी बाहेर आली. ती गणितात एम.एस्सी. झालेली, तेव्हाच्या औरंगाबादेत एका कॉलेजात शिकवायची. सगळ्यांना सलाम करून ती म्हणाली, ''आकडा मलाही आवडतो, बडे दादा. पण मेहेरची रक्कम काय लिहायची ते मी उद्या सांगितलं तर चालेल?'' चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मुलगी आपला मेहेर आपण सांगेन म्हणते, यात शरियतच्या विरुद्ध काही नव्हतं, पण आमच्या खानदानात हे पहिल्यांदाच घडत होतं.

त्या रात्री आम्ही बापलेक उशिरापर्यंत ७८६ याच आकड्यावर बोलत बसलो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मास्तर होतो. पाढे आणि अपूर्णांक यांपलीकडे माझं गणित नाही. तरी तो आकडा माझ्या बालपणापासून माझ्या सोबत होता, आणि त्याचा एक हिशेब माझ्याकडे एकवीस वर्षं पडून होता.

आमचे अब्बा मनियार. मेहकरात लहानशी गाळावजा दुकान, आणि आठवड्याच्या बाजारांना डोंगाव, जानेफळ, लोणार असं डोक्यावर पेटी घेऊन फिरणं. पैनगंगेच्या पलीकडच्या खेड्यांत त्यांना 'मनियारबाबा' म्हणत. लग्नसराईत आणि श्रावणात बाया अंगणात बसून बांगड्या भरून घेत. दुकानात गल्ल्याच्या वर काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात ७८६ लिहिलेलं होतं, आणि रोजमेळाच्या वहीच्या पहिल्या पानावरही तोच आकडा. शेजारच्या किराणावाल्याच्या वहीवर 'श्री' आणि 'शुभ लाभ' असे. मला लहानपणी वाटे, दुकान मांडायचं म्हणजे वर काहीतरी लिहावंच लागतं. त्यांचं अक्षर आहे, आमचा आकडा आहे.

आकडा का, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. अब्बा म्हणत, ''बिस्मिल्लाह है.'' बस्स. पुढे दहावीच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर मी सवयीने कोपऱ्यात ७८६ लिहिलं आणि पर्यवेक्षकांनी ते खोडायला लावलं. मागच्या बाकावरच्या पोराचा 'श्री'ही त्यांनी खोडायला लावला, त्यामुळे मला राग आला नाही. पण घरी येऊन मी अब्बांना विचारलं की अख्खी बिस्मिल्लाह तीन अंकांत कशी मावते. त्यांना सांगता आलं नाही. मग मशिदीतल्या एका बुजुर्गांनी मला बोटांवर करून दाखवलं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत असेल, तरी सांगतो. अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला एक किंमत आहे. अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४. त्यावरूनच या पद्धतीला अबजद म्हणतात. दहानंतर किंमत दहादहाने वाढते, शंभरानंतर शंभराने, आणि शेवटी गैन १०००. जुने शायर याच हिशेबाने एखाद्याच्या जन्माचं किंवा मृत्यूचं साल एका ओळीत लपवून ठेवत. आता बिस्मिल्लाह मांडा. 'बिस्म'मध्ये बे २, सीन ६०, मीम ४०, झाले १०२. अल्लाह ६६. अर्रहमान ३२९. अर्रहीम २८९. बेरीज ७८६. मी ती बेरीज तेव्हा चार वेळा करून पाहिली होती. चारही वेळा बरोबर आली तेव्हा अंगावर काटा आला होता.

१९७५ च्या 'दीवार' सिनेमात अमिताभच्या छातीवर ७८६ चा बिल्ला आला आणि आमचा आकडा सगळ्या देशाचा झाला. १९८३ च्या 'कुली'त तो पुन्हा दिसला. माझ्या वर्गातले मराठे, माळी यांची पोरंही मग ७८६ शेवटी असलेली नोट पाकिटात जपू लागली.

माझा पुतण्या मदरशात शिकून आला तेव्हा त्याने घरात पहिला आक्षेप घेतला. आकडा म्हणजे बिस्मिल्लाह नव्हे, लिहायचं तर पूर्ण लिहा किंवा तोंडाने म्हणा, असं त्याचं म्हणणं. त्याच्याकडे दोन मुद्दे होते. एक असा की 'रहमान'मधला दीर्घ आकार उच्चारात आहे, लिहिण्यात नाही. तो अलिफ मोजला तर बेरीज ७८७ होते. दुसरा मुद्दा त्याने जरा आवाज चढवून सांगितला. उर्दूत 'हरे कृष्णा' लिहा: हे ५, रे २००, ये १०, काफ २०, रे २००, शीन ३००, नून ५०, अलिफ १. करा बेरीज. आम्ही केली. ७८६.

घरात शांतता पसरली. चाचांचा चेहरा उतरला. ज्या गावात शारंगधर बालाजीचं एवढं मोठं देऊळ आहे, जिथली निम्मी-अर्धी गिऱ्हाइकं बालाजीचं दर्शन घेऊन आमच्या दुकानात बांगड्या भरायला यायची, त्या गावात हे ऐकून हसावं की घाबरावं हे कुणाला कळेना. माझे काही मित्र ही गोष्ट सर्वधर्मसमभावाचा पुरावा म्हणून सांगतात. पुतण्या ती धोक्याची घंटा म्हणून सांगतो. मुलीला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ''अब्बू, दोन्ही नाही. बेरजा थोड्या आहेत आणि शब्द अगणित आहेत. हजाराच्या आतल्या एकेका आकड्यावर शेकडो शब्द येऊन बसणारच. शब्दावरून बेरजेकडे जाता येतं, बेरजेवरून शब्दाकडे परत येता येत नाही. बेरीज आपले आकडे विसरून जाते.''

हे शेवटचं वाक्य मी डोक्यात ठेवलं, कारण ते मला दुसऱ्याच एका ठिकाणी लागू पडत होतं. तिकडे येतो.

''मग या ७८६ मध्ये स्वतःचं असं काही आहे की नाही?'' मी विचारलं. ''अक्षरं बाजूला ठेव. नुसता आकडा म्हणून.''

तिने आधी देवळालीच्या कापरेकर मास्तरांची आठवण काढली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचे. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची नोकरी नाही, आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांनी त्यांच्या कामाला पोरखेळ मानलं. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या आकड्याचा गुण सांगितला आणि १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगाला ते कळले. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि मग तिथून हलत नाही. मी शाळेत दर वर्षी हा खेळ पोरांना शिकवत असे. शेवटच्या बाकावरचं पोरगंही त्या तासाला वजाबाकी करायचं. मुलीने ७८६ च्या आधी शून्य लावून केलं: ८७६० वजा ०६७८, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. तिसऱ्या पायरीला मुक्कामावर.

कापरेकरांची दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की पुढची संख्या जन्मते. ७७१ च्या अंकांची बेरीज १५. दोन्ही मिळून ७८६. म्हणजे ७७१ ही ७८६ ची आई. आणि ७७१ ची आई शोधायला गेलं तर सापडत नाही. अशी कोणतीच संख्या नाही जिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवून ७७१ येईल. अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं, आपल्या गावाचं नाव देऊन देवळाली संख्याही म्हटलं. आमच्या आकड्याचं आजोळ असं देवळालीला निघालं.

''हे गमतीचं झालं,'' ती म्हणाली. ''खरं मोठं वेगळंच आहे. दादाजी तुम्हाला बेरीज कशी शिकवायचे ते सांगा.''

अब्बा चौथी शिकलेले, पण हिशेबात पक्के. रुपयाचे सोळा आणे होते त्या काळात त्यांनी दुकान सुरू केलं. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, तरी त्यांच्या डोक्यात आणे पुढे कितीतरी वर्षं चालत राहिले. आणि माल डझनात. म्हणजे शाळेत आम्हाला हातचा दहाला येई, अब्बांना आण्यांत सोळाला येई आणि बांगड्यांत बाराला. बांगडीचं मापही त्यांचं असंच. 'दोन-चार' म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, सव्वादोन. 'दोन-आठ' म्हणजे अडीच. शाळेत दशांश शिकून आलेला मी दोन-चारला दोन पूर्णांक चार दशांश समजलो होतो आणि एका बाईच्या हाताला चार बांगड्या फुटेपर्यंत समजतच राहिलो होतो. अब्बा रागावले नाहीत. म्हणाले, ''बेटा, हर चीज का हातचा अलग रहता. कित्ते पे आता वो पूछ ले, और आया तो भूल नक्को.''

मुलगी म्हणाली, ''तेच. आता ७८६ ला पाचाचा हातचा लावा.'' म्हणजे सुट्टे, पाचाचे गठ्ठे, पंचवीसचे, सव्वाशेचे, सव्वासहाशेचे. मी मांडलं: सव्वासहाशेचा १, सव्वाशेचा १, पंचवीसचा १, पाचाचे २, सुट्टा १. ''आता यात हेच पुन्हा मिळवा.'' झाले २, २, २, ४, २. कुठेच पाच होत नाहीत, हातचा नाही. साताने केलं. ३४३ चे २, ४९ चे २, साताचा एकही नाही, सुट्टे २; दुप्पट केली तर ४, ४, ०, ४. हातचा नाही. तीनाने केलं: ७२९ चा १, २७ चे २, ३ चा १. दुपटीत २७ चे चार झाले, तिथे एक हातचा आला, पुढे काही नाही. अकराने केलं तर मजाच झाली. १२१ चे ६, अकराचे ५, सुट्टे ५; दुपटीत सुट्टे १०, गठ्ठे १०, दोन्ही ठिकाणी अकराला एकच कमी, आणि हातचा फक्त शेवटच्या सहाच्या दुपटीला. तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस असं करत आम्ही सदतीसपर्यंत गेलो. दोन सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, ७८६ मध्ये ७८६ मिळवताना हातचा एकदाच येतो किंवा येतच नाही. दोनदा कधीच नाही. दोनाचे मात्र चार हातचे येतात. तो अपवाद लपवायचं कारण नाही.

आता याचा अर्थ. १५७२ माणसांतून बरोबर अर्धी, ७८६, निवडायची तर किती तऱ्हांनी निवडता येतील? उत्तर ४७२ अंकी आहे. जर्मनीच्या कुमर नावाच्या गणितज्ञाने १८५२ साली दाखवून दिलं की अशा उत्तराला एखादी मूळ संख्या किती वेळा भागते, हे त्या बेरजेतल्या हातच्यांइतकंच असतं. म्हणून त्या ४७२ अंकी राक्षसाला नऊने भाग जात नाही, पंचवीसने नाही, एकोणपन्नासने नाही. कोणत्याच विषम मूळ संख्येच्या वर्गाने जात नाही. लहान आकड्यांत असं घडणं नवलाचं नाही. ३, १० यांच्याबाबत सहज घडतं. आकडा वाढत जातो तसे हातचे वाढत जातात आणि हे जमेनासं होतं. हे जमलेला सर्वांत मोठा आकडा जो आजवर माहीत आहे, तो ७८६. त्यापुढे कुणाला असा आकडा सापडलेला नाही.

मी बराच वेळ गप्प बसलो. पुतण्याला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, याचा दीनशी काय संबंध? बरोबरच आहे, काही संबंध नाही. अबजद नसती, अरबी लिपी नसती, तरीही ७८६ हे असंच असतं. मला उलट त्यातच बरं वाटलं. आपण ज्याला उगाच वर चढवून ठेवलं होतं त्याच्याकडे स्वतःच्या कमाईचंही काही होतं.

आणि मग मी तिला पत्र्याच्या पेटीतल्या वह्या दाखवल्या.

अब्बा १९९८ च्या पावसाळ्यात गेले. मय्यत उचलायच्या आधी आपल्याकडे जे होतं ते झालं. नात्यातल्या एका बुजुर्गांनी आतल्या दाराशी उभं राहून अम्माला म्हटलं, ''भाभी, मेहेर माफ किया बोल दो, मरहूम का बोझ हल्का होगा.'' सूरह निसाच्या चौथ्या आयतीत मेहेर हा बाईचा हक्क म्हणून खुशीने द्यायला सांगितला आहे आणि तिने तिच्या खुशीने सोडला तर सोडला. जनाजा दारात असताना, चाळीस माणसं ऐकत असताना विचारलेल्या प्रश्नाला कोणती बाई खुशीने उत्तर देणार, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी काही बोललो नाही. आतून अम्माचा आवाज आला, ''माफ कायकू करूं? मेरेकू मिल गया.''

बुजुर्ग गोंधळले. बायका कुजबुजल्या. त्यांना वाटलं दुःखाने बोलते आहे. आणि मला, तिच्या मुलाला, वाटलं की ती खोटं बोलते आहे. नवऱ्याची अब्रू झाकण्यासाठी. १९६४ च्या निकाहनाम्यावर ७८६ रुपये होते हे मला माहीत होतं, आणि आमच्या घरात एकदम ७८६ रुपये कधीच नव्हते हेही माहीत होतं. इद्दत संपल्यावर मी पगारातून ७८६ रुपये काढून पाकिटात घालून तिच्यापुढे ठेवले. म्हटलं, अब्बांच्या तर्फे. तिने पाकीट उघडलंसुद्धा नाही. म्हणाली, ''एक चीज के दो बार पैसे लेते क्या?''

२००४ मध्ये जुनं दुकान मोकळं करताना पेटी निघाली. रोजमेळाच्या वह्या, वर्षाला एक. उंदरांनी कडा खाल्लेल्या, पण आकडे शाबूत. मी चाळत बसलो. दर महिन्याच्या शेवटच्या पानावर, दुकानभाडं, माल, बाजाराचा खर्च, सगळ्याच्या खाली एक ओळ होती: 'देणे ६'. कुणाचं देणं, काही नाव नाही. आधीच्या कोणत्याही पानावर उधारी घेतल्याची नोंद नाही. जानेवारी १९६५ ला पहिलं 'देणे ६' आणि नोव्हेंबर १९७५ ला शेवटचं, त्याच्याखाली दोन रेघा. डिसेंबरला नाही. पुढे कधीच नाही. बेरीज कुठेही लिहिलेली नव्हती.

गणिताचा मास्तर असूनही मला उजेड पडायला रात्र जावी लागली. ७८६ ला फार थोड्या आकड्यांनी भाग जातो. २, ३, ६, आणि मग एकदम १३१. ज्याला ही रक्कम समान हप्त्यांत फेडायची आहे त्याला पर्यायच फार नाहीत: ३९३ चे दोन, २६२ चे तीन, १३१ चे सहा. हे तिन्ही मनियाराच्या आवाक्याबाहेरचे. एकेक, दोनदोन, तीनतीन रुपये देत बसायचं तर आयुष्य पुरत नाही. उरतात सहाचे १३१. जानेवारी पासष्ट ते नोव्हेंबर पंचाहत्तर म्हणजे दहा वर्षं अकरा महिने, एकशे एकतीस.

मी नोंदी मोजल्या. १३० भरल्या. पुन्हा मोजल्या, १३०. मार्च १९७३ च्या पानावर 'देणे' नव्हतं. मग एप्रिल १९७३ चं पान उलटलं. 'देणे १२'.

अम्मा तेव्हा होती. ती २०११ मध्ये गेली. मी वह्या तिच्यासमोर नेऊन ठेवल्या. तिला वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, ''अब्बा दर महिन्याला सहा रुपये...'' ती म्हणाली, ''हां. ले आके हात पे रखते थे.'' तू मोजत होतीस का? ''मैं कायकू गिनूं? वो गिनते थे ना.'' एक दिवस त्यांनी सांगितलं, पूर्ण झाले, आणि तिने मानलं. त्या पैशांतून एक बकरी आली होती, मग शिलाई मशीन, आणि माझ्या डी.एड.ची पहिली फी.

''और तिहत्तर का मार्च?''

तिला आठवलं. बहात्तरच्या दुष्काळात बांगड्या कोण भरणार? बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होत्या. हातात बांगडी टिकतच नव्हती. दुकान दोन महिने बंदच होतं. ''मैं भी जाती थी खडी फोडने. तू सात साल का था, तेरेकू झाड के नीचे बिठाती थी.'' मला ते झाड आठवतं. खडीचा आवाजही आठवतो. पण मग एप्रिलचे बारा रुपये कुठून आले? दुकान बंद होतं. घरात मजुरी एकटीचीच येत होती. हा प्रश्न माझ्या तोंडापर्यंत आला आणि मी तो विचारला नाही. अठ्ठ्याण्णव साली मी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता, हेही मी तिला कधी सांगितलं नाही.

मुलीने त्या रात्री सगळ्या वह्या पाहिल्या. एप्रिल १९७३ च्या पानावर ती बराच वेळ थांबली. मी तिला खडीचं सांगितलं. ती म्हणाली, ''म्हणजे दादीने दादीलाच दिले असतील.'' मी म्हटलं, असतील, किंवा त्यांनी कुणाकडून उसने घेतले असतील, वहीत नाही. ''अब्बू, आणि बाकीचाही हिशेब बघा ना. चौसष्ट साली सोनं तोळ्याला शंभराच्या आत होतं. ७८६ मध्ये दहा तोळं आलं असतं. पंचाहत्तर साली फेड पूर्ण झाली तेव्हा भाव पाचशेच्या वर गेला होता. त्या वेळी ७८६ मध्ये दीड तोळंही आलं नसतं.'' सूद हराम आहे, तो दादीने मागितला नसता आणि दादाजींनी दिला नसता, हे तीही जाणून होती. माझ्या बापाच्या इमानदारीबद्दल ती एक शब्द वावगं बोलली नाही. पण दहा तोळ्यांचा दीड तोळा झाला, आणि तो कुणी खाल्ला नाही, नुसत्या उशिराने गेला, हे तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मला अब्बांचा अभिमान वाटत होता. अजूनही वाटतो. फक्त त्या रात्रीनंतर तो अभिमान बाळगताना एप्रिल त्र्याहत्तरचं पान मधे येतं.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं: रुपये नकोत, सोनं. आणि दादीच्या दहा तोळ्यांच्या निम्मं, पाच तोळे, निकाहच्या दिवशी हातात. मुलाकडची माणसं दोन दिवस बोलली नाहीत. चाचा म्हणाले, स्थळ जाईल. तिसऱ्या दिवशी मुलाचाच फोन आला. पाच झेपणार नाहीत, तीन देतो, पण त्याच दिवशी देतो. ती हो म्हणाली.

जानेवारीत निकाह झाला. निकाहनामा उर्दू आणि मराठी दोन्हीत होता. मराठी बाजूला मेहेरपुढे लिहिलं होतं 'मुअज्जल'. मुलीने पेन थांबवलं. उर्दूत दोन शब्द आहेत, ऐनने लिहिला तर तत्काळ द्यायचा, हमजाने लिहिला तर नंतर द्यायचा. नागरीत दोन्ही अगदी सारखे दिसतात. अबजदने मोजलं तर एकाची बेरीज १४३ आणि दुसऱ्याची ७९, म्हणजे इथे अक्षर विसरतं आणि आकडा लक्षात ठेवतो. काझीसाहेब हसले आणि त्यांनी पुढे 'तत्काळ, अदा झाला' असं मराठीत लिहून दिलं.

थोरले चाचा रुसले नाहीत, पण खूशही नव्हते. वलीम्याच्या दिवशी त्यांनी तिच्या हातात दहाची एक जुनी नोट ठेवली, नंबराच्या शेवटी ७८६. तिने ती कपाळाला लावली. निघताना सामान गाडीत ठेवून झाल्यावर ती परत आत आली आणि म्हणाली, ''अब्बू, ती त्र्याहत्तरची वही मी नेऊ?''

मी पेटी उघडून दिली. बाकीच्या दहा माझ्याकडे आहेत.